पाण्यासारखं लागतंय

वापी
१८ ऑगस्ट १९८५

आक्का,

पाया पडतो. मी इथं खाऊनपिऊन हाय, तिकडं तुमचं पण तसंच असंल असं धरून लिहितो. दाजींना नमस्कार. तुझ्या सासूबाईंना पण सांग, रागात असल्या तरी सांग. रोज शहापुरातनं डबा घेऊन वडगावला बापाकडं जाणारी सून कुणाला गोड लागंल, हे मला कळतंय.

तुझं पत्र मिळालं. आप्पांच्या तोंडाची चव गेली, वांग्याची भाजी आणि चुलीतली राख त्यांना सारखीच, असं तू लिहिलंस. पाडव्यापासनं खोकला हाय. हातमागाची पावडी पायानं दाबताना घासून अंगठ्याला झालेली जखम पावसाळा आला तरी भरंना. ते वाचून दोन दिवस कामात हात चालंना, म्हणून इथल्या साहेबांना विचारलं.

आमच्या कारखान्यात औषधं होतात हे तुला माहीत हाय. मी कॅप्सुला चंदेरी कागदात बसवायच्या मशीनवर असतो. सध्या एक नवीन कॅप्सूल निघालीय, तिच्यात जस्त असतंय. जस्त म्हंजे तेच, आपल्या न्हाणीतल्या बादलीला असतंय ते. मी पण हसलो. पण लॅबोरेटरीतले देसाई साहेब म्हणाले, "हसतोस काय, तुझ्या अंगात पण हाय. चिमटीएवढंच लागतं. म्हातारपणी जेवण कमी होतं, मग तेपण कमी पडतं. चव जाते, जखम रेंगाळते, सर्दी-खोकला घर सोडत न्हाय. सगळ्यांचं त्यामुळंच होतं असं न्हाय, पण तुझ्या बापाला देऊन बघायला हरकत न्हाय. तिथल्या डॉक्टरला आधी विचार."

ज्या पाकिटांवर छपाई वाकडी बसती ती दुकानात जात न्हाईत, कामगारांना स्वस्तात देतात. आतलं औषध सरळच असतंय. पार्सलनं पाठवलीत. जेवण झालं की दिवसाला एक. जास्त द्यायची न्हाय, जास्त दिलं म्हणून लवकर गुण येत न्हाय.

मी मजेत हाय. दिवाळीला येतो म्हणून आप्पांना सांग.

————

आक्का, ह्या रेघेखालचं मोठ्यानं वाचू नको.

खोलीत आम्ही सहा जण, खाटा तीन. एक पाळी कामाला जाती तवा दुसरी झोपती. मी आडवा होतो तवा खाट दुसऱ्याच्या अंगानं गरम असती. त्या माणसाचं नाव मला माहीत न्हाय. आठवड्यात एकदा सुट्टीला हायवेवर जाऊन उभारतो आणि कर्नाटकच्या पाटीचे ट्रक बघतो, आपल्या बेळगावकडचा एखादा दिसतोय का म्हणून. परवा एक थांबला. मी विचारलं, "यल्लिंद बंदिरी?" तो म्हणाला, हुबळी. कुठून आला, एवढंच कानडीत विचारलं बघ, आणि ट्रक लांब जाईपर्यंत बघत उभारलो.

एक काम कर. आप्पांना तीन वर्षं तरी काही होऊ देऊ नको. तीनच का, ते मागनं सांगतो.

तुझा
भरमा

*

वापी
२२ सप्टेंबर १९८५

आक्का,

पाया पडतो. पत्र वाचून हसलो पण आणि कपाळावर हात पण मारला.

तर आप्पांनी गोळ्या देवळीत ठेवल्या आणि रोज हळदकुंकू लावलं! पोरानं पाठवलेलं औषध म्हणून पुजायचं, पण गिळायचं न्हाय. आणि का, तर बोळाच्या तोंडाला चहाचं हॉटेल चालवणारा आपला मारुतीराव म्हणाला, "आप्पा, त्याचं टरफल हाडं उकळून करत्यात. तुमच्या गळ्यात माळ हाय." मी देसाई साहेबांना विचारलं. मला वाटलं, ते मारुतीरावाला शिव्या घालतील. ते म्हणाले, "खरं बोलला तो. हाडाचंच असतं."

पण तू हुशार. टरफल उघडून नुसती पूड पाण्यात घालून दिलीस. साहेब म्हणाले, चालतंय. चुकलं ते एवढंच की पहिला दिवस एकादशीचा निघाला आणि उपाशीपोटी दिलीस. उलटी त्यानं झाली, औषध वाईट न्हाय. दुसऱ्या दिवशी भाकरीवर दिलीस ते ठीक केलंस.

पण मुद्द्याची गोष्ट पुढंच हाय. तू लिहिलंस की उघड्या पुडीचा वास तुलाच नको झाला, बोट लावून चाटलीस तर तोंड वाकडं झालं. आणि आप्पांनी भांडं तोंडाला लावून सगळं प्यालं आणि म्हणाले, "ह्यात काय घातलंस? पाण्यासारखं लागतंय."

हे सांगितल्यावर देसाई साहेब खुर्चीतनं उठले. म्हणाले, बाहेरदेशी डॉक्टर लोक हेच करून बघाय लागलेत. ज्याच्या अंगात जस्त कमी, त्याला त्याचं पाणी सपक लागतं. अंगात भरत आलं की एक दिवस तेच पाणी कडूजहर लागतं. शंभर टक्के खूण न्हाय, पण खूण हाय. तवा आप्पांना रोज विचार, कसं लागतंय. ज्या दिवशी थुंकतील त्या दिवशी मला कळव.

————

आता रेघेखालचं.

तीन वर्षं का, ते सांगतो. मुंबईच्या एका एजंटानं कुवेतचं काम आणलंय. गोदामात माल चढवायचा-उतरवायचा. पासपोर्ट झालाय. करार तीन वर्षांचा, मधी सुट्टी न्हाय. कुणी मेलं तरी न्हाय, असं तो हसत म्हणाला.

पगार चांगला हाय. पण तुझ्याजवळ खोटं कशाला बोलू, पगारासाठी न्हाय. इचलकरंजीला यंत्रमागावर गेलतो, निपाणीत तंबाखूच्या वखारीत होतो, पुण्यात हॉटेलात कपबशा धुतल्या. प्रत्येक ठिकाणी सहा महिने झाले की पायाखाली मुंग्या येतात. वाटतंय, अजून लांब असंल तिथं बरं असंल.

मी ठरवलंय. आप्पा ज्या दिवशी कडू म्हणतील त्या दिवशी सही करायची. मग मला कळंल की आप्पा टिकतात. ते पाण्यासारखं म्हणत राहिले तर मी जात न्हाय.

हे त्यांना कळू देऊ नको.

भरमा

*

वापी
२७ ऑक्टोबर १९८५

आक्का,

पाया पडतो. ह्या वेळी रेघ मारत न्हाय. मारून उपयोग काय?

पत्र आप्पांच्याच घरात गादीखाली ठेवायचं असतंय व्हय? आप्पांना अक्षर येत न्हाय, पण कागद किती भरलाय आणि तू किती वाचलंस हे डोळ्यांना दिसतंय की. बरं, आप्पांनी ते वाचून घ्यायला न्यायचं तर कुणाकडं, मारुतीरावाकडं! तू लिहिलंस तसं सगळं मला इथं ऐकू आलं. हॉटेलात सगळे मागवाले चहा पितायत आणि मारुतीराव उभा राहून वाचतोय.

"आप्पा, हितं रेघ हाय. पुढं वाचू का?"

"रेघ माझ्या पोरानं मारली न्हवं? वाच."

आणि त्यानं वाचलं. थांबायचं सोडून आवाज चढवला असंल, मला माहीत हाय त्याला. आप्पांनी चहा संपवला आणि घरी येऊन तुला विचारलं, "कुवेत कुठं हाय गं?"

"समुद्राच्या पल्याड."

"म्हंजे निपाणीच्या पुढं म्हण की."

एवढंच बोलले. मला पाठवायला एक शिवी पण न्हाय. मी वाट बघितली, पुढच्या पत्रात तरी एखादी येईल म्हणून.

त्यानंतर तू रोज विचारतेस, कसं लागतंय, आणि रोज एकच उत्तर, पाण्यासारखं. इकडं एजंट माणूस पाठवतोय, सही कर म्हणून. देसाई साहेब म्हणतात, एवढ्यात काहीतरी कळायला पायजे होतं, कदाचित दुखणं वेगळं असंल, मोठ्या डॉक्टरला दाखवा. मी काळजीत होतो.

मग तुझं पत्र परत वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, एकेक शब्द धरून जातो, म्हणून कधी कधी जास्त दिसतंय. तू लिहिलंस, अंगठ्याची जखम सुकली, खपली पडली. खोकला रात्रीचा गेला. त्याच्याखाली लिहिलंस, रविवारी आमटीचा पहिला घास घेऊन आप्पा म्हणाले, "मीठ काय सगळ्या गल्लीच्या वाट्याचं घातलंस?" आणि मारुतीरावाशी भांडले, चहात आलं घालत न्हाईस, नुसतं गरम पाणी विकतोस म्हणून. आणि सगळ्यात शेवटी, सहज लिहिल्यासारखं, की हल्ली औषध पिताना ते भिंतीकडं तोंड करून बसतात, एका दमात पितात, आणि थोडा वेळ वळतच न्हाईत. मग वळून म्हणतात, पाणी हाय नुसतं.

आक्का, ज्याला आमटीतलं मीठ कळतंय, चहात आलं न घातलेलं कळतंय, त्याला ते पाणी कळंना व्हय?

मशीनवर असतानाच माझ्या डोक्यात हे आलं आणि मी मोठ्यानं हसलो. सुपरवायझर आला, म्हणाला, क्या हुआ रे. मी म्हणलं, मेरा बाप झूठ बोलता है. तो म्हणाला, तो इसमें हसने का क्या है?

दिवाळीला बघतो.

भरमा

*

वापी
२४ नोव्हेंबर १९८५

आक्का,

पाया पडतो. फराळाचं पार्सल पोचलं. करंज्या फुटल्या होत्या, तशाच खाल्ल्या. खोलीतल्या सगळ्यांना दिल्या. त्यातल्या एकानं, ज्याच्या खाटेवर मी झोपतो त्यानं, नाव सांगितलं. रामअवध. तिकडं यूपीतल्या बलियाचा हाय. त्याला पण घरी जाऊन तीन वर्षं झाली.

मला सुट्टी मिळाली न्हाय. मिळाली असती तर आलो असतो.

एजंटाला कळवलं की वडलांना बरं न्हाय, पुढच्या तुकडीत बघू. तो चिडला. मला लई बरं वाटलं. गेला महिनाभर मी इथं वेगळाच माणूस हाय. कामावरनं येताना चाल बदललीय. कुणीतरी मागनं सदऱ्याचं टोक धरलंय असं वाटतंय, आणि ते सुटू नये असं वाटतंय.

तुला आठवतंय का, मी पहिल्यांदा इचलकरंजीला निघालो तो दिवस? पिशवी घेऊन उंबऱ्यात उभारलो. आप्पा मागाच्या खड्ड्यात बसलेले, धोटा इकडनं तिकडं चाललेला. मी म्हणलं, जातो. ते वर न बघता म्हणाले, "दार ओढून घे, धूळ येती." निपाणीला गेलो तवा पण हेच. पुण्याला गेलो तवा मी काही बोललोच न्हाय, दार ओढून घेतलं आणि गेलो. मला वाटायचं, ह्या माणसाला मी असलो काय, नसलो काय, सूत तेवढंच भरतंय.

आणि आता तोच माणूस रोज भिंतीकडं तोंड करून कडूजहर पाणी पितो, तोंड सरळ करतो, मग वळून खोटं सांगतो. कुणासाठी?

तवा तू त्यांना उघडं पाडू नको. विचारत जा, ते पाणी म्हणाले की व्हय म्हण. मी पण इकडनं काळजी केल्यासारखं लिहीन.

तू म्हणशील हा काय खेळ. पण मला अजून थोडे दिवस असू दे.

भरमा

*

मुंबई
१९ जानेवारी १९८६

आक्का,

पाया पडतो. पत्ता बदललाय ते बघून तुला कळलं असंल. तुझं पत्र वापीला आलं, त्याला पंधरवडा झाला. उत्तर लिहायला बसलो आणि प्रत्येक वेळी उठलो.

तू एवढी रागावलेली मी कधी बघितली न्हवती. "तुम्हा बापलेकांचा लपंडाव चाललाय आणि डबा मी उचलतीया. सासू रोज विचारती, तुझ्या बापाला पोरगा हाय का न्हाय? मी काय सांगू, हाय, पण पार्सलनं येतोय?" हे वाचून मी कागद खाली ठेवला. खरं हाय. तुझं ह्यात काय चाललंय हे मी एका पत्रात पण विचारलेलं न्हाय.

आणि मग तू आप्पांसमोर औषधाचं भांडं आपटलंस. तू जसं लिहिलंस तसंच मी लिहितो, कारण मला ते शंभरदा वाचून पाठ झालंय.

"आप्पा, कडू लागतंय का न्हाय? खरं सांगा."

"पाणी हाय."

"मग प्या माझ्याकडं बघून."

त्यांनी तुझ्याकडं बघून घोट घेतला. डोळ्यात पाणी आलं, तोंड आवळलं, पण गिळलं. तू म्हणालीस, "कशाला हे? तो तिथं न्हाय गेला, पण हितं तरी आला का? दिवाळी गेली. तुमच्या खोट्यानं तो ना तिकडचा ना हिकडचा झालाय."

त्यांनी भांडं खाली ठेवलं म्हणतेस. मग म्हणाले, "व्हय. मी त्याला अडवलं, पण आणलं न्हाय." आणि परत मागाकडं जाताना, "लिही त्याला. कडू लागतंय म्हणावं. दसऱ्याच्या आधीपासनं लागतंय. जा म्हणावं."

आक्का, हे वाचलं तवा मी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा होतो. माणसं आत चाललेली, माणसं बाहेर चाललेली. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जा म्हणलं होतं. आजवर मी न विचारताच जात होतो, त्याचं काही वाटलं न्हाय. ह्या वेळी पाय उचलंना.

आता तुला सांगायचं राहिलंय ते सांगतो. दिवाळीला सुट्टी मिळाली होती. मी निघालो पण होतो. पुणं झालं, कोल्हापूर झालं, निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली. सकाळची वेळ, वखारीतल्या बायका कामाला चाललेल्या, सगळ्या हवेत तंबाखूचा वास. ड्रायव्हर चहाला उतरला म्हणून मी उतरलो. तिथनं बेळगाव ते किती? आणि माझ्या डोळ्यापुढं मागाचा खड्डा आला. आप्पा म्हणणार न्हाईत, बस म्हणून. ते नुसतं बाजूला सरकतील, जागा करतील. आणि मी बसलो तर मला परत उठता येणार न्हाय. गाडी सुटली, मी खालीच. संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसलो. मग समोरून कोल्हापूरची गाडी आली तिच्यात चढलो. तुला करंज्यांबद्दल लिहिलं, हे लिहिलं न्हाय.

आणि वापीला येऊन सदऱ्याचं टोक धरल्याचं सुख घेत बसलो. आप्पांनी लांबनं धरायचं आणि मी लांबनंच धरून घ्यायचं. हे मला कसं आवडलं, ते तुला कळतंय का? जवळ न जाता कुणाचा तरी असायचं. तू भांडं आपटलं नसतंस तर मी असाच राहिलो असतो.

मी सही केली. ह्या महिनाअखेरीला जायचं हाय. कुणी माझ्यावर रागवू नका असं म्हणणार न्हाय, रागवा. पण ना तिकडचा ना हिकडचा राहण्यापेक्षा मला एकीकडचा तरी होऊ दे. मधी येऊन भेटायला दिवस होते. आलो न्हाय. आलो असतो तर गेलो नसतो, आणि राहिलो असतो तर वर्षभरात परत दार ओढून घेतलं असतं. मला माझी खोड माहीत हाय.

देसाई साहेबांना भेटून आलो. म्हणाले, आता पूड बंद करा. अंगात भरलं की वर ओतत राहायचं नसतं, त्यानं दुसरं काही बिघडतं. हिवाळा संपला की एकदा डॉक्टरला दाखवा. तू डबा रोज नेऊ नको, मारुतीरावाला सांगितलंय, दुपारचं जेवण तो देणार हाय. त्याला मी वेगळं पत्र लिहिलंय. चहातल्या आल्याचं पण लिहिलंय.

तुझ्या सासूबाईंना सांग, आप्पांना पोरगा हाय.

आता खालचं आप्पांना वाचून दाखव. मारुतीरावाकडं न्यायची गरज न्हाय.

आप्पा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं न्हाय. तुमच्याबद्दल आक्काला लिहीत होतो. तुम्हाला वाचता येत न्हाय म्हणून, असं मला वाटायचं. ते कारण न्हवतं.

मी आक्काला म्हणलं होतं, आप्पांना तीन वर्षं काही होऊ देऊ नको. ते तिला सांगायचं काम न्हवतं, गोळीचं पण न्हवतं. म्हणून तुम्हालाच सांगतो. तीन वर्षांनी मी येईन तवा निपाणीला उतरणार न्हाय, सरळ वडगावला येईन. सकाळची वेळ असंल. तुम्ही मागावर असा. वर बघू नका, काही बोलू नका, चालंल. पण असा.

मी जातो म्हणत न्हाय ह्या वेळी. येतो.

तुमचा
भरमा